चराई थांबवली, तर डोंगरावरची माती कमी वायू सोडेल का?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आम्ही हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात गेलो होतो. तेथील उंच कुरणांवर याक, गाई आणि शेळ्या-मेंढ्या चरत होत्या. जनावरांमुळे हरितगृह वायू वाढतात, असे नेहमी वाचनात येते. अशा नाजूक कुरणांवरील चराई पूर्ण बंद केली, तर तेथील मातीतून निघणारे वायू कमी होतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन हिशेब एकत्र झाले आहेत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तयार होऊन ढेकरेवाटे बाहेर पडणारा मिथेन हा जनावराचा हिशेब आहे. जनावर कुरणात असो वा गोठ्यात, तो चुकत नाही. मातीचा हिशेब निराळा आहे, आणि त्यात चराईमुळे काही वायू वाढतात, तर काही घटतात.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तशा ओल आणि हवा दोन्ही असलेल्या मातीतील काही जिवाणू हवेतला मिथेन वापरून जगतात. त्यामुळे निचरा होणारी डोंगराळ कुरणे मिथेन सोडण्याऐवजी थोडा थोडा शोषून घेतात. कळप फार मोठा असला किंवा एकाच जागी फार दिवस राहिला, की खुरांखाली माती दबते, हवा आत शिरत नाही आणि हे शोषण मंदावते. पाणथळ कुरणांचे मात्र वेगळे आहे. तेथील मातीत प्राणवायूच पोहोचत नसल्याने ती मुळातच मिथेन सोडते.

नायट्रस ऑक्साइड हा शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे. मूत्र पडलेल्या हातभर जागेत इतका नायट्रोजन एकदम येतो की गवताला तो सगळा उचलता येत नाही, आणि उरलेल्यावर सूक्ष्मजीवांची प्रक्रिया होऊन हा वायू निघतो. परंतु त्यासाठी ओल लागते. हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत, गुरांच्या शेण-मूत्रातून कुरणावर पडणाऱ्या नायट्रोजनपैकी २ टक्के या रूपाने थेट उडून जातो, असे धरले होते. २०१९ च्या सुधारणेत हा आकडा ०.४ टक्क्यावर आणि कोरड्या हवामानासाठी ०.२ टक्क्यावर आला. रुक्ष डोंगराळ भागाचा विचार करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

थंड प्रदेशात आणखी एक गोष्ट घडते. आंतर-मंगोलियातील गवताळ प्रदेशाविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, न चरलेल्या कुरणात उंच गवत बर्फ धरून ठेवते, त्या पांघरुणाखाली मातीतील सूक्ष्मजीव हिवाळा तगून राहतात, आणि वसंतात बर्फ वितळताना तेथून नायट्रस ऑक्साइडचा मोठा लोट उठतो. चरलेल्या कुरणात हा लोट कमी होता. चराई थांबवली म्हणजे वायू घटलेच, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

आता आपल्या स्पितीकडे येऊ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथे कुरणाचे काही तुकडे कुंपण घालून जनावरांपासून राखले आणि १६ वर्षे शेजारच्या चरत्या तुकड्यांशी त्यांची तुलना केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, कुंपणातील मातीतला कार्बन वर्षागणिक ३० ते ४० टक्के अधिक वरखाली होत राहिला, तर चरत्या मातीत तो स्थिर राहिला. डोंगरात कार्बनचा खरा साठा जमिनीखाली असतो, म्हणून हे स्थैर्य मला अतिशय मोलाचे वाटते. त्याच गटाच्या नंतरच्या अभ्यासात मात्र पाळीव जनावरांच्या चराईखालील मातीत रानटी तृणभक्षकांच्या कुरणांपेक्षा कार्बन कमी आढळला, आणि जनावरांना दिली जाणारी प्रतिजैविके शेण-मूत्रातून मातीतील सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचणे हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून पुढे आले.

तेव्हा माझे उत्तर नकारार्थी आहे. संपूर्ण बंदीपेक्षा किती जनावरे, किती दिवस, आणि ओल्या मातीवर की कोरड्या, हे ठरवणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रश्न : आमच्याकडे धनगर बांधव शेतात मेंढ्या बसवतात आणि जमीन खतावते. डोंगरातील कुरणावरही रात्री कळप एका जागी बसवणे चांगलेच, नाही का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : शेतात पुढचे पीक तो नायट्रोजन उचलते आणि कळप दोन-चार रात्रींत पुढे जातो. उंच कुरणावर गवताच्या वाढीचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा असतो. त्यात कळप रोज त्याच तळावर परतला, तर दिवसभर चरलेल्या उतारावरचा नायट्रोजन तळावर येऊन साचतो, उतार भुकेला राहतो आणि तळ नायट्रस ऑक्साइडचा उगम बनतो. म्हणून तेथे तळ वरचेवर हलवावा. हिमालयातील मेंढपाळांच्या जुन्या तळांभोवती रुंद पानांची रुमेक्स ही वनस्पती दाटीने माजलेली दिसते, ती याच साचलेल्या नायट्रोजनची खूण आहे.