सही केलीत, पण इंजेक्शन कुठे होतं?

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. परदेशी विमानात चढताना 'वरचे कप्पे भरले' म्हणून आमच्या हातातल्या बॅगेला टॅग लावला आणि ती खालच्या सामानात टाकायला घेतली. अ‍ॅड्रेनालिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीचा झटका आला की लगेच टोचायच्या इंजेक्शनची, दोन्ही पेन तिच्यातच होती. बराच वाद घातल्यावर ती काढू दिली, पण 'अ‍ॅलर्जीमुळे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही' अशा कागदावर सही घेतली. प्रवास सुखरूप झाला. आता भरपाई मागता येईल का? आणि पुढच्या महिन्यात परतताना त्या सहीमुळे आमचे हात बांधले जातील का?

उत्तर: भरपाईचं आधी सांगून टाकते. नाही मिळणार. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक देशांत १९९९ चा माँट्रियल करार लागतो आणि त्याचं कलम १७ प्रवाशाच्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची भरपाई देतं. नुसत्या मनस्तापाचे पैसे त्यात बसत नाहीत. लेखी तक्रार जरूर करा, वकिलाची फी मात्र वाचवा.

त्या कागदाने तुम्ही उगाच घाबरलात. याच कराराचं कलम २६ सांगतं की कंपनीची जबाबदारी झटकणारी किंवा कराराने ठरवलेल्या मर्यादेखाली आणणारी अट रद्दबातल आहे. तुमचं तिकीट मात्र शाबूत राहतं. निव्वळ देशांतर्गत प्रवास असेल तर हा करार लागत नाही, तिथे त्या देशाचा कायदा बघावा लागतो.

मला काळजी वाटते ती कलम २० ची. प्रवाशाच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं किंवा वाढलं, तर तेवढ्यापुरती कंपनी सुटते. पेन खालच्या सामानात गेली असती आणि वर मुलाला त्रास झाला असता, तर समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला होता: 'जीव वाचवणारं औषध तुम्ही जवळ का ठेवलं नाहीत?'

याच्या उलट बाजूचा एक खटला सांगते. १९९८ साली ऑलिंपिक एअरवेजच्या विमानात दम्याचा एक रुग्ण धूम्रपानाच्या जागेजवळ बसला होता. त्याच्या पत्नीने जागा बदलून द्या म्हणून तीनदा विनवलं. विमान भरलंय, असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात अकरा जागा रिकाम्या होत्या. पुढे त्याची तब्येत ढासळली, पत्नीने त्याला एपिनेफ्रिनचं, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनचंच, इंजेक्शनही दिलं, पण तो विमानातच दगावला. २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. धूर तर त्या काळी नेहमीचाच होता. खटला उभा राहिला तो मदत मागितल्यावर ती नाकारली गेली, या गोष्टीवर. म्हणून मागणी स्पष्ट करा, कोणाकडे केली आणि किती वाजता ते फोनवर टिपून ठेवा. दावा लावायची वेळ आलीच, तर मुदत दोन वर्षांची असते.

परतताना दोन्ही पेन बॅगेत नकोत, कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. बॅग कुठेही गेली तरी ती तुमच्यापाशीच राहतील. गेटवर कोणी पाऊच मागितलाच तर वाद न घालता एकच वाक्य म्हणा: 'हे माझ्या मुलाचं तातडीचं औषध आहे, ते हाताशीच हवं. नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या.' लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक जण वरिष्ठांना बोलावतात.

सुरक्षा तपासणी हा वेगळा विषय. तिथे विमान कंपनीचं चालत नाही, तपासणी अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा असतो. पेनात औषध इतकं थोडं असतं की हातातल्या सामानातल्या द्रवांसाठीच्या १०० मिलीलीटरच्या नियमाचा प्रश्नच येत नाही, आणि त्या नियमातून औषधांना सूट आहेच. अडवणूक होते ती सुईवरून. म्हणून पेन मूळ खोक्यात, फार्मसीच्या लेबलसकट ठेवा आणि ट्रेमध्ये स्वतःहून वेगळं काढून दाखवा. सोबत अ‍ॅलर्जीच्या गोळ्या असतील तर त्यातले घटक वाचा. जपानसारख्या देशात स्यूडोएफेड्रिनचं (चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या घटकाचं) प्रमाण १० टक्क्यांवर असलेल्या गोळ्या नेणं बेकायदा आहे, मग पेन कितीही निर्दोष असो.

सोबत डॉक्टरांचं पत्र नेताना त्यावर औषधाचं ब्रँडनाव नको, मूळ (जेनेरिक) नाव हवं. मुलाचं नावही पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. 'चि. बंटी' असं लिहिलेलं पत्र घेऊन आलेले अशील माझ्याकडे येऊन गेलेत.