ड्रागुनोव्ह कमजोर झाला, आता मी काय करू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून हे पत्र आलं. लिहिणारा यंदा बारावी सायन्स झालाय. टेकन ८ हा दोघांनी समोरासमोर मारामारी करायचा व्हिडिओ गेम, ड्रागुनोव्ह हे त्यातलं एक पात्र. त्याचं म्हणणं थोडक्यात असं:

"सर, मी टेकन ८ खेळतो. घरी पीएस५ (गेम खेळायचं यंत्र) नाही. रविवारी एसटीने यवतमाळला जातो आणि कॅफेत तासाला ६० रुपये देऊन खेळतो. गेम आला तेव्हा ड्रागुनोव्ह सगळ्यांत जबर होता, म्हणून मी तोच धरला. मग एकामागून एक अपडेट आले आणि कंपनीने त्याला छाटून टाकलं. नागपूरच्या एका स्पर्धेत मी दोन सामन्यांत बाहेर पडलो. आता पात्र बदलू का? दुसरं म्हणजे, बीएस्सी ॲग्रीला माझा नंबर लागेल, पण मला एक वर्ष गॅप घेऊन मामाकडे नागपूरला राहून फक्त प्रॅक्टिस करायची आहे. बाबा ऐकत नाहीत. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

खाली निळ्या पेनाने, वेगळ्या अक्षरात, वडिलांच्या तीन ओळी आहेत: "सर, पोरगा हुशार हाये पन या गेमच्या नादी लागला. ॲग्रीले नंबर लागून रायला तरी म्हन्ते एक वर्स थांबतो. हा जुगारच हाये ना? तुमीच सांगा त्याले."

म्हणजे दोघांनाही मी आपल्या बाजूने बोलावं असं वाटतंय. बघू.

पोरा, पत्रासोबत पाठवलेली तुझी वही मी आधी वाचली. २०० पानी, कव्हरवर 'भौतिकशास्त्र' लिहिलेली. आत नऊ पानं भौतिकशास्त्र आणि पुढे सगळं टेकन. (बाबांना हे माहीत नसेल तर आता झालं. माफ कर.) मला त्यातलं निम्मं कळेना, म्हणून भाच्याला शेजारी बसवून वाचून घेतली. माझी स्वतःची मजल अमरावतीच्या बसस्टँडजवळच्या पार्लरमधल्या 'मुस्तफा'पर्यंतच. त्या गेमचं खरं नाव वेगळं आहे हे मला नोकरीला लागल्यावर समजलं. एसटीच्या पासचे पैसे त्यात घालून मी एकदा पायी घरी गेलो होतो, त्यामुळे नादाबद्दल तुला उपदेश करायचा हक्क मला नाही.

भाच्याने नागपूरच्या स्पर्धेच्या पानांवर बोट ठेवलं. पहिला सामना ०-२, मग लूजर्स ब्रॅकेटमध्ये, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटात, १-२, आणि घरी. दोन्ही सामने मिळून तू हरलेल्या १३ फेऱ्या तू एकाखाली एक लिहिल्या आहेस आणि प्रत्येकीपुढे कारण टाकलं आहेस. सात ठिकाणी लिहिलंय, 'थ्रो सुटला नाही', म्हणजे समोरच्याने धरून आपटलं आणि तुला सुटता आलं नाही. तीन ठिकाणी, 'रागात बटण दाबलं'. ड्रागुनोव्हची जी चाल अपडेटने अधू केली म्हणून तू पत्रात दीड पान रडलास, तिचं नाव १३ पैकी एकाच ओळीत आहे. वही खरं बोलते आणि पत्र वकिली करतं. कंपनीने उद्या तुझा ड्रागुनोव्ह जसाच्या तसा परत दिला, तरी ते सात थ्रो तुला बसणारच होते. समोरच्याचा डावा हात पुढे येतो की उजवा की दोन्ही, हे बघून बटण दाबायचं असतं. ते शिकायला पात्र बदलावं लागत नाही.

वहीतलंच आणखी एक. गेममध्ये सेकंदाचे ६० तुकडे पडतात, त्यांना तुम्ही फ्रेम म्हणता. १० फ्रेमचा जॅब, म्हणजे झटपट ठोसा, हा सेकंदाचा सहावा हिस्सा. डोळ्याने पाहून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. मग जॅब पाहून अडवणं कोणालाच जमणार नाही. तो येणार हे आधी ताडावं लागतं. आखाड्यात मुरलेला पैलवान समोरच्याचा खांदा बघून डाव ओळखतो, तसंच हे. हे ताडणं कोणत्याच अपडेटमध्ये काढून घेता येत नाही. तुझ्या वहीत शेवटी शेवटी तू 'हा माणूस भिंतीशी गेला की खालून मारतो' असं लिहायला लागला आहेस. मला ती पानं सगळ्यांत आवडली.

अपडेटचं म्हणशील तर त्यावर रागावून फायदा नाही. ते येतातच. कोण किती वापरलं जातंय, कोण किती जिंकतंय, स्पर्धांत काय दिसतंय हे बघून कंपनी कोणाचं नुकसान घटवते, कोणाची चाल दोन फ्रेमने हळू करते. कधी तीही चुकते. एप्रिल २०२५ मध्ये टेकन ८ चा दुसरा सीझन आला, तेव्हा नुसता हल्ला करणाऱ्यांचं इतकं फावलं की खेळाडूंनी रान उठवलं आणि कंपनीला घाईने दुरुस्त्या काढाव्या लागल्या. टेकन ७ मध्ये लेरॉय नावाचं पात्र डिसेंबर २०१९ ला आलं. दीड महिन्यात, ईव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या जपानमधल्या फेरीत, ईव्हो जपान २०२० मध्ये, शेवटच्या आठ जणांत बहुतेकांच्या हातात लेरॉयच, आणि जिंकणारा थायलंडचा खेळाडूही लेरॉयवालाच. पुढच्या अपडेटांत लेरॉयचे पंख कापले. तेवढ्यापुरता लेरॉय धरलेल्यांचं पुढे काय झालं असेल, विचार कर.

आता लाहोरचा अर्सलान ॲश बघ. २०१९ मध्ये त्याने एकाच वर्षी ईव्हो जपान आणि लास वेगासची ईव्हो, दोन्ही मारल्या. त्याआधी बाहेरच्या जगात त्याचं नावही फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, कारण तो आपल्या शहरातल्या पोरांशी खेळून तयार झाला होता. तेव्हा लोक त्याला ओळखायचे ते काझुमी या पात्रामुळे. टेकन ८ आलं आणि सुरुवातीच्या ३२ पात्रांत काझुमी नव्हतीच. छाटली वगैरे नाही, गायबच! २०२४ ची ईव्हो तरीही त्यानेच जिंकली.

तेव्हा ड्रागुनोव्ह सोडू नकोस. पात्र निवडताना यूट्यूबवरच्या 'टॉप टियर' याद्या सोडून हे बघ की त्याचा खेळ तुझ्या स्वभावाला बसतो का. तू घाई करणारा, अंगावर जाणारा आहेस, ड्रागुनोव्ह तसाच आहे. हवं तर एक राखीव ठेव, ड्रागुनोव्हला जे जड जातात त्यांच्यासाठी. पण दर अपडेटला मोहरा बदलणाऱ्याचा हात कशावरच बसत नाही. आणि एडी गोर्डोकडे वळू नकोस, भाच्याचा निरोप आहे. टेकन ३ मध्ये बटणं बडवून जिंकणाऱ्या प्रत्येकाचा तो लाडका होता, ती बदनामी अजून पुसली गेलेली नाही म्हणे.

गॅपबद्दल माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते तुला आवडणार नाही.

भारतात ई-स्पोर्ट्सचा जो पैसा आहे तो मुख्यतः बीजीएमआयसारख्या मोबाइल गेमच्या संघांकडे जातो. फायटिंग गेममध्ये खेळाडू एकटा. संघ नाही, पगार नाही, प्रायोजक मिळाला तर नशीब. एन्ट्री फी, रेल्वे, राहणं हे सगळं खिशातून. वरच्या दोन-चार जागा सोडल्या तर बक्षिसातून जाण्यायेण्याचा खर्चही निघत नाही. हे कळूनही खेळायला माझी ना नाही. मात्र एक वर्ष सगळं सोडून बसलास तर प्रत्येक हार तुला वर्ष वाया गेल्यासारखी टोचेल, आणि तुझ्या वहीत 'रागात बटण दाबलं' आधीच तीनदा आहे.

घाई कसली आहे? हांगझोऊच्या आशियाई खेळांत, २०२३ मध्ये, स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं. वय ४४. तुझ्या बाबांच्या आसपासचा असेल.

आता ॲग्री. तुला वाटतंय की ते कॉलेज म्हणजे बाबांचा हट्ट आणि तुझ्या आवडीचा शेवट. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाणांची चाचणी चालते तेव्हा एकदा जाऊन बघ. कपाशीचं नवं वाण चांगलं की नाही, हे एका तुकड्यात पेरून ठरवत नाहीत. तेच वाण चार-पाच ठिकाणी, मध्ये दुसरी वाणं, जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून. कारण एका तुकड्यात जमीनच चांगली असेल, दुसऱ्यात पाणी साचलं असेल. एका वाफ्यावरून वाण ठरत नाही, तसं एका सामन्यावरून पात्र ठरत नाही. ही रीत शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतावर आर. ए. फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने बसवली. तीच पुढे औषधांच्या चाचण्यांत गेली, आणि आज एखादा बदल केल्याने खेळणारे टिकतात की पळतात हे बघायला सॉफ्टवेअर कंपन्याही तीच वापरतात. ॲग्रीच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र असतं. बहुतेक पोरं ते पास होण्यापुरतं करतात. तू मात्र ते आधीच वहीत करत बसला आहेस, फक्त त्याला नाव ठाऊक नव्हतं.

ॲग्री अजिबातच नको असेल तर अमरावतीच्या विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत बीएस्सीला संख्याशास्त्राची चौकशी कर. पण वडिलांनी ॲग्री सुचवलंय त्यामागे हिशेब आहे. चार वर्षांच्या या पदवीवर बँकेत कृषी अधिकाऱ्याची परीक्षा देता येते, एमपीएससीच्या कृषी सेवेची वाट उघडी राहते. त्या हिशेबाला कमी लेखू नकोस.

गेमच्या धंद्यात शिरायचंच असेल तर खेळाडू होण्यापलीकडे एक दार आहे, टेस्टरचं. गेममध्ये काय मोडतंय ते शोधून नीट लिहून द्यायचं. युबिसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. सुरुवातीचं काम कंटाळवाणं असतं. एकच भिंत दोनशे वेळा धडकून बघायची आणि कोणत्या कोपऱ्यातून पात्र आरपार जातं ते इंग्रजीत पाच ओळींत लिहायचं. त्या पाच ओळी तुला आज जमणार नाहीत. तुझं मराठी स्वच्छ आहे, इंग्रजी वाईट आहे. ते कॉलेजात असताना सुधार, आणि वहीतले आकडे एक्सेलमध्ये टाकायला शिक. हॉस्टेलवर पीएस५ नसेल, नसू दे. पन्नास हजारांच्या पुढची वस्तू बाबांकडे मागू नकोस. रविवारचा कॅफे चालू ठेव, वर्षातून दोन-तीन स्पर्धा कर. गावातल्या टॉवरच्या भरवशावर ऑनलाइन खेळून मात्र स्वतःला जोखू नकोस. नेट अडखळलं की चांगला खेळाडूही बावळट दिसतो.

आता भाऊ, तुमच्याशी.

हा जुगार नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे. ते २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद केले आहेत, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स वेगळे धरले आहेत. डिसेंबर २०२२ पासून हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे आहे. तुमचा पोरगा स्पर्धेची फी भरतो, ती कबड्डीच्या टुर्नामेंटला मंडळ फी भरतं तशीच. त्याच्या मोबाइलवर पैसे लावायचं कुठलं ॲप दिसलं तर तो प्रश्न निराळा, तेव्हा मला लगेच फोन करा.

'कमजोर झाला, कमजोर झाला' म्हणून तो घरात का चिडतो, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार? बीटी कपाशीचं बीजी-२ बियाणं २००६ मध्ये आलं. आपल्याकडे घरोघरी तेच लागलं, कारण अळी मरायची. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने तीच बोंडं आतून पोखरली. बियाणं तेच होतं, अळी बदलली होती. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. पुढच्या हंगामात तुम्ही वावर विकलं नाही. कोणी तूर वाढवली, कोणी सोयाबीनकडे वळलं, कोणी कपाशीच ठेवली पण वेचणीनंतर तीच झाडं राखून फरदड घेणं सोडलं. पोराचं दुःख त्या मानाने फार लहान आहे, पण जात तीच आहे.

त्याला ॲग्रीला पाठवा, पण खेळ बंद करून नका पाठवू. महिन्यातून दोन रविवार कॅफेचे पैसे द्या आणि त्या बदल्यात वही बघायला मागा. समजलं नाही तरी मागा. 'थ्रो सुटला नाही' किती वेळा लिहिलंय तेवढं मोजा. सातावरून दोनावर आलं की तो सुधारतोय.

पोरा, वही या पत्रासोबत परत पाठवतोय. शेवटून तिसऱ्या पानावर भाच्याने पेन्सिलने एक गोल केलाय. तुझा एक फ्रेमचा आकडा चुकलाय म्हणतो. मला काही समजत नाही, तूच तपास आणि त्याची चूक असेल तर कळव. जरा शेफारलाय तो.