हातातलं जीपीएस यंत्र मिळालंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चोपड्याकडचे, मामांचं जुनं हँडहेल्ड जीपीएस तुमच्याकडे आलंय, दोन पेन्सिल सेलवर चालणारं गार्मिन ईट्रेक्स. सातपुड्यात भटकायला न्यायचंय, जमलं तर घरचं वावरही मोजायचंय. मॅन्युअल इंग्रजीत आहे, मेनू ढीगभर आहेत. शिवाय मित्र म्हणतात, मोबाईल असताना हे धूड कशाला?

मी शहादा-धडगाव भागात वनहक्काच्या दाव्यांच्या मोजणीत गावकऱ्यांसोबत असंच यंत्र घेऊन फिरतो. त्यामुळे मला जे रोज लागतं तेच सांगतो, मॅन्युअलच्या क्रमाने नाही.

आधी मित्रांचं बघू. रेंज नसली की मोबाईलचं जीपीएस बंद पडतं, हा समज चुकीचा आहे. जीपीएसला टॉवर लागत नाही. रेंज गेली की फक्त नकाशा डाउनलोड व्हायचा थांबतो, आणि तो आधी उतरवून ठेवला असेल तर तीही अडचण नाही. मग हे यंत्र कशाला? एप्रिल-मेमध्ये दुपारी एकला मोबाईल हातात धरून जळगाव-भुसावळच्या उन्हात अर्धा तास चालून बघा. स्क्रीन दिसत नाही, मग फोन तापतो, मग तो स्वतःच बंद होतो. ईट्रेक्सचा स्क्रीन उलट भर उन्हात जास्त स्वच्छ दिसतो, सेल 20-25 तास चालतात, संपले तर वाटेतल्या टपरीवरही नवे मिळतात. पावसात भिजलं, नाल्यात पडलं तरी चालतं. आणि मोबाईलची बॅटरी फोन करायला शिल्लक राहते, जी डोंगरात खरी कामाची. म्हणून दोन्ही न्या.

आता यंत्र हातात घ्या. बरेच महिने बंद पडून असेल तर घरात चालू करून काही होणार नाही. धाब्यावर (घराच्या गच्चीवर) किंवा अंगणात, जिथे आभाळ मोकळं आहे तिथे ठेवा, चालू करा आणि चहा प्यायला जा. कोणता उपग्रह साधारण कुठे आहे याची यादी उपग्रहच पाठवतात आणि ती पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून पहिल्या वेळी 15-20 मिनिटं हलवू नका. त्यानंतर रोज अर्ध्या-एक मिनिटात जागा सापडेल. निदान चार उपग्रह लागतात: तीन जागेसाठी आणि चौथा यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. यंत्र फार जुनं असेल आणि तारीख वीसेक वर्षांपूर्वीची दाखवत असेल तर घाबरू नका. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा 1024 झाला की पुन्हा शून्यावर येतो. असं शेवटचं एप्रिल 2019 मध्ये झालं आणि काही जुनी यंत्रं तिथेच गोंधळली. जागा सहसा बरोबर दाखवतात, तारीख तेवढी चुकते.

सेटिंगमध्ये सुरुवातीला दोनच गोष्टी बघा, बाकी मेनूला हात लावू नका.

पहिली, आकडे दाखवायची पद्धत. अक्षांश-रेखांश तीन तऱ्हांनी लिहितात: अंश आणि दशांश, अंश-मिनिटं, अंश-मिनिटं-सेकंद. यंत्रं बहुधा अंश-मिनिटांवर लावलेली येतात आणि मोबाईलचे नकाशे दशांश देतात. समजा मित्राने व्हॉट्सॲपवर 21.30 पाठवलं आणि तुम्ही यंत्रात 21 अंश 30 मिनिटं भरलीत. 30 मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणजे 21.50. फरक 0.20 अंश, जमिनीवर 22 किलोमीटर. तुमच्या भागात उत्तरेला 22 किलोमीटर म्हणजे गाव सोडून थेट सातपुड्याचं रान. नवीन माणसांची सगळ्यात जास्त फजिती मी इथेच होताना बघतो. तेव्हा दशांश पद्धत लावा, मोबाईलशी जुळेल. दशांशानंतरचा पाचवा आकडा साधारण एक मीटरचा असतो. त्यापुढचे आकडे लिहिण्यात अर्थ नाही, यंत्राला तेवढं कळतच नाही.

दुसरी, डेटम. तिथे डब्ल्यूजीएस 84 असलं पाहिजे. पृथ्वीचा आकार नेमका कसा धरायचा याचं ते माप आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे कागदी नकाशे, एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापावर आहेत, आणि दोन्हींत आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. मामांनी जुन्या टोपोशीटसाठी ते बदललं असेल तर यंत्र मुकाट्याने तुम्हाला शेजारच्या नाल्यात उभं करेल, आणि कुठेही चूक म्हणून दाखवणार नाही.

(यूटीएम नावाची चौथी पद्धत नंतर शिका. तिच्यात जागा मीटरमध्ये येते, म्हणून मोजणीला बरी. तिच्यात पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात, आपला सगळा खानदेश 43 नंबरच्या पट्ट्यात येतो. पट्ट्याची मधली 75 अंश रेखांशाची रेषा अमळनेरच्या थोडी पश्चिमेकडून जाते, तिच्यावर पूर्वेचा आकडा बरोबर 5 लाख. मला उगीचच ही रेषा ओलांडताना स्क्रीनकडे बघायला आवडतं.)

एवढं झालं की डोंगरात जाऊ नका, वावरात जा. विहिरीजवळ उभं राहून जागेची खूण करा, म्हणजे वेपॉइंट. ईट्रेक्सवर अंगठ्याने हलवायची छोटी दांडी (थंब स्टिक) दाबून धरली की खुणेचं पान उघडतं. नाव द्या: विहीर. 001, 002 अशी नावं ठेवलीत तर महिन्याने एकही आठवणार नाही. मग बांधावरून, नाल्यातून, शेजाऱ्याच्या कपाशीच्या कडेने वेडेवाकडे फिरा आणि पाचशे मीटरवर जाऊन यंत्राला सांगा, विहिरीकडे ने. बाण येईल, अंतर येईल.

इथे गंमत कळेल. तुम्ही थांबलात की बाण भरकटतो. साध्या मॉडेलमध्ये चुंबकीय होकायंत्र नसतं (ईट्रेक्स 22एक्समध्ये नाही, 32एक्समध्ये आहे). यंत्राला तुमची जागा कळते, तोंड कुठे आहे ते कळत नाही. चार पावलं चाललात की आधीची जागा आणि आताची जागा यांवरून ते दिशा काढतं. म्हणून बाण बघायचा तो चालता चालता. होकायंत्र असेल तर सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्या, यंत्र हातात धरून सांगेल तसं फिरवायचं असतं. आणि विहीर पाच-सात मीटरवर आली की यंत्र खिशात टाका आणि डोळे वापरा. त्याच्या आत त्याचा अंदाजच तेवढ्या फरकाचा असतो, बाण गरागरा फिरत राहील.

हे वावरात दोन-चार वेळा करा, एकदा अंधार पडल्यावरही. हाताला सवय लागली की मग सातपुडा.

डोंगरात मात्र हा बाण धोक्याचा आहे. तो सरळ रेषा दाखवतो, वाट दाखवत नाही. तोरणमाळच्या कड्यावर उभं राहून खालचं गाव विचारलंत तर दोन किलोमीटर म्हणेल आणि बाण दरीकडे करेल. नर्मदेकडच्या उताराच्या खोऱ्यांत तर समोर दिसणाऱ्या पाड्यावर जायला डोंगर उतरून नाला ओलांडून पुन्हा चढावं लागतं. तेव्हा जाताना वाट विचारायची ती तिथल्या माणसाला, आणि यंत्राला फक्त परतीचं काम द्यायचं. माझ्या मते नवख्या माणसाने पहिलं वर्षभर यंत्राकडून एवढंच काम घ्यावं.

ते असं. गाडी लावली तिथे वेपॉइंट करा. ट्रॅकच्या, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीच्या, मेनूत जुना ट्रॅक साफ करा आणि रेकॉर्डिंग चालू आहे, नकाशावर दिसतंय, हे बघून घ्या. मग यंत्र पिशवीच्या तळाशी न टाकता खांद्याच्या पट्ट्याला अडकवा, त्याला आभाळ दिसलं पाहिजे. तुम्ही चालाल तशी मागे रेघ उमटत जाईल. परतताना ट्रॅकबॅक दाबा किंवा नुसतं त्या रेघेवर राहा. ज्या वाटेने माणूस गेलाय त्या वाटेने तो परत येऊ शकतो, मधे कडा निघणार नाही. फाटा फुटतो तिथे, पाणी सापडलं तिथे एकेक वेपॉइंट टाका.

सिग्नल कुठे दगा देतो तेही ऐकून ठेवा. पाटणादेवीला डोंगर तीन बाजूंनी अंगावर येतात, धवलतीर्थाकडे तर आभाळाची पट्टीच दिसते. अशा ठिकाणी उपग्रहाचा सिग्नल कड्यावर आपटून फिरून येतो आणि यंत्र पन्नासेक मीटर लांबची जागा छातीठोकपणे सांगतं. रेघेला अचानक काटेरी फाटे फुटलेले दिसले की समजा हेच झालंय. यावलच्या सागाच्या जंगलात उन्हाळ्यात पानं गळलेली असतात तेव्हा यंत्र मस्त चालतं. श्रावणात तेच साग ओल्या पानांनी भरले की अचूकता घसरते. रावेरकडच्या दाट केळीतही तसंच. उपग्रहांच्या पानावर अचूकतेचा आकडा असतो. तो 3-5 मीटर असेल तर उत्तम, 20-30 झाला तर मोकळ्यावर येऊन थांबा. आणि यावल अभयारण्यात शिरायचं तर वनविभागाची परवानगी घ्या, हातात जीपीएस दिसलं की चौकशी होतेच.

उंचीच्या आकड्यावर फार विसंबू नका, आडव्यापेक्षा उभी चूक नेहमी जास्त असते. यंत्रात हवेच्या दाबावरचा उंचीमापक असेल तर तो निघण्याआधी जुळवावा लागतो. त्यासाठी सोपा उपाय रेल्वे स्टेशन. फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती भरायची.

सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड (NiMH) घ्या आणि मेनूत सेलचा प्रकार तोच निवडा, नाहीतर बॅटरीची खूण खोटं बोलते. ठेवून देताना सेल काढा. नकाशासाठी पैसे घालू नका. ओपनस्ट्रीटमॅपवरून गार्मिनसाठी बनवलेले फुकट नकाशे मिळतात, ते मेमरी कार्डवर गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे. ईट्रेक्स 10 असेल तर त्यात कार्डच बसत नाही, सोडून द्या. रेघा आणि खुणा जीपीएक्स फाइलमध्ये निघतात, त्या गूगल अर्थवर उघडतात.

पुढे यंत्र बदलायचं झालं तर एक सांभाळा. उपग्रहावरून मेसेज पाठवणारी, संकटात मदत मागणारी यंत्रं मिळतात, गार्मिनचं इनरीच त्यातलं. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत, विमानतळांवर परदेशी पर्यटक त्यापायी अडकले आहेत. तुमच्याकडचं साधं यंत्र नुसतं ऐकतं, काही पाठवत नाही, त्याला ही अडचण नाही.

आता वावर. मेनूत क्षेत्र मोजायची सोय असते: सुरू करा, बांधाबांधाने पूर्ण फेरी मारा, हिशोब दाबा, एकक हेक्टर निवडा म्हणजे सातबाऱ्याशी ताडता येईल. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. सावकाश आणि एकसारखं चाला, कोपऱ्यावर अर्धा मिनिट थांबा, यंत्र डोक्याच्या उंचीवर धरा. बांधावर निंबाची झाडं असतील तर त्यांच्या सावलीतून नाही, जरा बाहेरून फिरा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी. आकडे किती हलतात ते बघितलं की किती विश्वास ठेवायचा ते आपोआप समजतं.

हिशोब करून दाखवतो. 100 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद असा एकराचा तुकडा धरा. त्याचा एकच कोपरा 5 मीटर बाहेर नोंदला गेला तर क्षेत्र पावणेतीन गुंठ्यांपर्यंत वाढू शकतं. चाळीसात पावणेतीन! दहा एकरांच्या सलग वावरात तीच चूक टक्क्यात किरकोळ होते. म्हणून तुकडा जेवढा लहान तेवढं हे यंत्र कमी कामाचं. वनहक्काच्या दाव्यात आम्ही ते वापरतो कारण तिथे प्रश्न वेगळा असतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसलेली जमीन कुठे आहे, तिचा आकार कसा, ती 4 हेक्टरच्या मर्यादेत बसते का, हे गावासमोर फिरून दाखवायचं असतं. सोबत वनहक्क समितीचे लोक असतात, शेजारचा कसणारा असतो, आणि रेघ उमटताना सगळे बघतात. फूटभर इकडेतिकडेचा तो वाद नसतो.

तुमचा हेतू ठिबकच्या नळ्या किती लागतील, फवारणी किती, नांगरटीचे पैसे किती एकरांचे द्यायचे, एवढाच असेल तर खुशाल मोजा. शेजाऱ्याने बांध कोरला असा संशय असेल तर हे यंत्र त्याच्यासमोर काढूच नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज भरा. त्यांचं रोव्हर नावाचं मोजणीचं यंत्र सेंटिमीटरच्या हिशोबात मोजतं, आणि कागद त्यांचाच चालतो.