पहिली भाकरी मोडली, म्हणून पोळीकडे वळू नकोस

अरे, आठ दिवसांत भाकरी जमत नाही म्हणून नाराज होऊ नकोस. सोलापुरात राहतोस, मालदांडी ज्वारी दाराशी मिळते, अर्धं काम तिथंच झालं.

सगळ्यात आधी पीठ बघ. महिनाभराचं एकदम दळून आणलंस ना? तिथंच चुकलं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे पीठ एकत्र धरून ठेवायचा गुण, जाते, मग कितीही मळ, थापताना कडा चिरतातच. किलोभरच दळून आण, आठवड्यात संपव. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवायचं. उकळतं पाणी मधोमध ओत, आधी चमच्याने हलव, हाताला सोसवलं की तळव्याने रगडून मळ. एका भाकरीपुरतंच मळायचं, सगळा गोळा एकदम नाही.

नवशिक्यांच्या बाकी चुका दोनच:
- तवा नीट न तापवता भाकरी टाकणं.
- वरून लावलेलं पाणी पूर्ण वाळू देणं. ओलसर असतानाच उलट, नाहीतर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही.

पातळ थापायचा हट्ट आत्ता नको, जाडच होऊ दे. कडक भाकरीचं पुढं बघू.

सोबत रोज तेलकट रस्सा कशाला? मुगाची किंवा तुरीची डाळ घालून पालेभाजी, कच्चा कांदा, ताक आणि चमचाभर शेंगाचटणी. पोट दुपारभर शांत राहतं. चटणी मात्र खलबत्त्यात कुटलेलीच घे, दाण्यांचं तेल सुटलेलं. मिक्सरमधली भुगा होते, मला ती आवडत नाही.

उद्या दोनच भाकऱ्या कर, आणि कुठं चिरली ते सांग.