तेच काम, तीच शिफ्ट, मग पगार वेगळा का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पगाराबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, आणि तुम्ही खरंच विचारलंत. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, चार पत्रं घेतलीयेत. कुणाचंही नाव दिलेलं नाही कारण चौघांनाही उद्या त्याच ठिकाणी कामावर किंवा कॉलेजात जायचंय.

प्रश्न : ताई, मी रबाळे एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, सात वर्षं झाली. आमच्या लाइनवर चार बायका आणि दोन पुरुष आहेत. त्या दोघांना दिवसाला आमच्यापेक्षा 140 रुपये जास्त मिळतात, त्यातला एक तर मागच्या वर्षी लागलाय आणि त्याला काम मीच शिकवलं. सुपरवायझर म्हणतो त्यांचं काम वजनाचं, तुमचं बसून करायचं हलकं काम. आम्ही बसत नाही, उभ्याच असतो. हे बरोबर आहे का? (घणसोली)

उत्तर : नाही ताई, बरोबर नाही. पण नुसतं "अन्याय आहे" म्हणून तुमचं काम होणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा शिफ्टमधे नेमकं काय काय करता ते विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत की स्ट्रिप समोर येते ती उलटसुलट बघायची, फुटलेली गोळी किंवा रिकामा खड्डा दिसला की बाजूला काढायची, दहा स्ट्रिप कार्टनमधे, आत घडी केलेलं माहितीपत्रक, मग वर बॅच नंबर आणि एक्स्पायरी नीट छापलीय का ते बघायचं, मग मोठ्या खोक्यात भरून टेप मारायची. नंबर चुकलेला एक कार्टन जरी पुढे गेला तरी अख्खा लॉट उघडावा लागतो आणि बोलणी तुम्हालाच बसतात. ते दोघं भरलेली खोकी पॅलेटवर रचतात, शिफ्टमधे तीनदा, सगळं धरून पाऊण तास. उरलेला वेळ ते तुमच्याच शेजारी उभे राहून तुमचंच काम करतात.

म्हणजे पाऊण तासाच्या वजनाला आठ तासांचा जादा दर मिळतो आणि आठ तासांच्या लक्षाला काहीच मिळत नाही! "हलकं" हा शब्द कामावरून आलेलाच नाही, ते काम कोण करतं यावरून आलाय. त्याच खोलीत पुरुष कार्टन भरतो तेव्हा ते हलकं का होत नाही हे त्या सुपरवायझरला एकदा विचारायलाच हवं.

कायदा यावर स्पष्ट आहे. 1976 मधे समान मोबदल्याचा कायदा आला, आता त्याची जागा 2019 च्या वेतन संहितेने घेतलीय आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. काम तेच असेल किंवा साधारण सारखं असेल तर बाई-पुरुष म्हणून पगारात फरक करता येत नाही. "साधारण सारखं" हे शब्द फार महत्त्वाचे आहेत, कारण मालक नेहमी कुठलातरी बारीक फरक शोधून दाखवतोच. 1987 मधे मुंबईतल्याच एका जहाज कंपनीतल्या लेडी स्टेनोंची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, मॅकिनन मॅकेन्झीची, त्यात कोर्टाने सांगितलं की रोज प्रत्यक्ष काय काम होतं ते बघा आणि ज्या फरकांना व्यवहारात अर्थ नाही ते सोडून द्या. कंपनी म्हणाली आम्हाला परवडत नाही, तेही कोर्टाने ऐकलं नाही. आणि अजून एक, समान करायचं म्हणून पुरुषांचा पगार कमी करता येत नाही, तेव्हा ते दोघं घाबरले असतील तर त्यांनाही हे सांगा, ते तुमच्या विरोधात गेले तर अवघड होईल.

हे दुखणं मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी पहिली नोकरी ठाण्यात एका खासगी क्लासमधे होती, मी आणि एक सर तोच विषय, तीच बॅच, त्यांना माझ्या दीडपट मिळायचे. विचारलं तर उत्तर आलं, "त्यांच्यावर घर आहे." माझ्या वडिलांची गिरणी तेव्हा बंद पडली होती आणि घर माझ्याच पगारावर चालत होतं, पण ते मला कुणी विचारलंच नाही. मी गप्प बसले, दोन वर्षं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

गिरणीवरून आठवलं ते सांगतेच कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात म्हणजे साच्यांवर पगार चांगला असायचा, पण धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्यातला) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, त्या उष्ट्याचं निमित्त करून दलित कामगारांना तिथे येऊच दिलं जात नव्हतं. त्यांना कमी पगाराची खाती. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. बघा, इथे एकाच कामाला दोन दर नव्हतेच, कागदावर सगळं समान होतं, फक्त चांगल्या दराच्या खात्याचं दार बंद होतं. तुमच्याकडे पण एक दार बघा, लाइन इन्चार्ज आजवर किती बायका झाल्या?

आता करायचं काय. पंधरा दिवस वही ठेवा, कोण किती वाजता काय करत होतं एवढंच लिहा, रागाचं काही नको. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. एकटीने जाऊ नका, चौघींच्या सह्यांचं पत्र आधी कंपनीला द्या आणि त्याची पोच घ्या. हललं नाही तर ठाण्याचं कामगार आयुक्त कार्यालय. नव्या संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून मागचा फरकही मागता येतो, पण उशीर करू नका.

प्रश्न : मी कळव्याला राहतो, टीवायला इकॉनॉमिक्स आहे. आमच्या नोट्समधे लिहिलंय की घाणेरड्या आणि धोक्याच्या कामाला जास्त मजुरी मिळते कारण नाहीतर ते काम कोणी करणार नाही. मग गटारात उतरणाऱ्याला सगळ्यात जास्त पैसे का मिळत नाहीत? सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेत नोट्सप्रमाणे लिही.

उत्तर : परीक्षेत नोट्सप्रमाणे लिही आणि खाली दोन ओळी स्वतःच्या लिही. हा विचार अर्थतज्ज्ञ अॅडम स्मिथचा, 1776 चा, त्याने फाशी देणाऱ्या जल्लादाचं उदाहरण दिलंय, काम सगळ्यात नकोसं म्हणून कामाच्या मानाने पैसे जास्त. पण यात एक अट धरलेली आहे की माणसाला ते काम नाकारून दुसरीकडे जाता येतं. ज्याला जन्मावरून तेच काम दिलंय आणि दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही, त्याला "जास्त दिलेत तरच उतरेन" असं म्हणता येत नाही. त्यामुळे घाणीचा जादा दर त्याला मिळतच नाही. 2013 चा कायदा हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालतो, तरी माणसं मरतात, म्हणून 2023 मधे सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तुझा प्रश्न तुझ्या नोट्सपेक्षा चांगला आहे, सोडू नकोस.

प्रश्न : नमस्कार ताई. महापेला माझं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, 14 माणसं. मी कोणाशी वाईट वागत नाही. पण मशीनवर मुली घेत नाही, कारण लग्न झालं की सोडतात, बाळ झालं की सहा महिन्यांचा पगार द्यायचा, छोट्या माणसाने कुठून आणायचा? माझी भाची म्हणते मामा हा भेदभाव आहे. मी तर फक्त व्यवहार बघतो. सध्या दोन ऑपरेटरच्या जागा रिकाम्या आहेत, गेल्या दोन वर्षांत तीन पोरं तळोजा आणि चाकणला जास्त पगारावर निघून गेली, माणूस मिळत नाही.

उत्तर : दादा, तुम्ही खरं खरं लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. भाचीचं बरोबर आहे, पण तुम्ही वाईट आहात असं त्यातून निघत नाही.

अर्थशास्त्रात भेदभावाचे दोन प्रकार धरतात. एक नावडीचा, म्हणजे मला ही माणसं शेजारी नकोत. दुसरा अंदाजाचा, समोरच्या एका माणसाची माहिती नसते म्हणून त्याच्या अख्ख्या गटाचा अंदाज त्याच्यावर चिकटवायचा. एडमंड फेल्प्स आणि केनेथ अॅरो या दोघांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं, दोघांनाही नोबेल आहे. तुमचा प्रकार हा दुसरा. यात मनात द्वेष नसला तरी ज्या मुलीला दहा वर्षं टिकून काम करायचंय तिची संधी जातेच. आणि हा अंदाज स्वतःलाच खरा करून दाखवतो. मुलींना माहीत असतं की महापेत मशीनवर कोणी घेणार नाही, मग त्या आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड घेतच नाहीत, आणि मग तुम्ही म्हणता की या ट्रेडला मुली येतातच कुठे.

आता व्यवहारच बघू, तुमच्याच पत्रातला. तीन पोरं सोडून गेली तरी तुम्ही "पोरं टिकत नाहीत, पोरं घेणार नाही" असं म्हणाला नाहीत. मुलगी गेली असती तर म्हणाला असता.

सहा महिन्यांच्या पगाराचं. 2017 पासून बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली आणि तो खर्च सरकारने मालकावर टाकला. यात छोट्या मालकाची बाजू खरी आहे, हा बोजा सगळ्यांनी मिळून उचलायला हवा होता असं माझंही मत आहे. पण तुमच्याकडे 14 माणसं आहेत म्हणजे तुम्हाला ईएसआयसी, कामगारांची सरकारी विमा योजना, लागू आहे ना? 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या ईएसआयसीतल्या बाईला, तिचे हप्ते नीट भरलेले असतील तर, या रजेचे पैसे ईएसआयसी देते, तुम्ही नाही. तुम्ही दरमहा पगाराच्या 3.25 टक्के भरताच आहात, पुरुषासाठीही तेवढेच. ज्या खर्चाच्या भीतीने तुम्ही मुली घेत नाही तो खर्च बहुतेक तुमच्या डोक्यावर नाहीच, तुमच्या अकाउंटंटला आजच विचारा.

राहिला प्रश्न काम अडण्याचा, आणि हा मात्र खरा आहे. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचा अभ्यास केलाय. पूर्वी स्वतःचं दुकान, मालकच सगळं बघणार, तिथे बायका मागे. मग मोठ्या दुकानांच्या साखळ्या आल्या, गिऱ्हाइकाची माहिती कॉम्प्युटरवर आली, एका फार्मासिस्टचं काम दुसऱ्याला पटकन उचलता यायला लागलं, आणि बाई-पुरुषांच्या तासाच्या कमाईतला फरक तिथे खूप कमी झाला. तुमच्याकडे प्रत्येक जॉबचं सेटिंग एकाच ऑपरेटरच्या डोक्यात असतं, तो चाकणला गेला की मशीन बंद. टूल ऑफसेट, प्रोग्रॅम नंबर, मापं हे सगळं मशीनशेजारच्या शीटवर उतरवा आणि प्रत्येक मशीनवर दोघांना तयार करा. त्याचा फायदा पोरगं सोडून गेलं तरी होईल आणि मुलगी रजेवर गेली तरी होईल.

प्रश्न : मॅडम, मी मुंब्र्याचा, 22 वर्षांचा, आयटीआय करून एक वर्ष सीएनसीवर अप्रेंटिस होतो. माझ्या बॅचच्या मित्राने आणि मी एकाच दिवशी सारखेच बायोडाटा टाकले, त्याला चार फोन आले, मला एकही नाही. त्याचे मार्क माझ्याहून कमी आहेत. पत्ता बदलून ठाणे लिहू का? नाव तर बदलता येत नाही.

उत्तर : बाळा, तू वेडा नाहीस आणि हा तुझा भ्रम नाही. आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात सर आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी 2007 मधे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच करून पाहिलं होतं. पेपरमधल्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले, शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. तेही खासगी कंपन्या, शिकलेले उमेदवार.

गॅरी बेकर नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1957 मधे मांडलं होतं की असा मालक स्वतःचंच नुकसान करतो, चांगला माणूस सोडतो, तो माणूस मग शेजारच्याला स्वस्तात मिळतो, आणि स्पर्धेत भेदभाव करणारा मागे पडतो. ऐकायला छान आहे. पण अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या कापड गिरण्यांत काळ्या कामगारांना कित्येक दशकं जवळपास घेतलंच नाही, स्पर्धेने काही झालं नाही, नोकरीतल्या भेदभावावर बंदी घालणारा 1964 चा कायदा आला आणि मग काही वर्षांत ते हजारोंनी आत आले. आपल्याकडे सरकारी नोकरीला संविधानाचं समान संधीचं कलम 16 आहे, पण ते खासगी कंपनीला थेट लागत नाही, आणि वेतन संहिता बोलते ती बाई-पुरुष भेदाबद्दल, धर्म-जातीबद्दल नाही. इथे कायदा कमी पडतो. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, आणि असा कायदा हवा हे मी लिहीत राहीन.

पत्ता बदलू नकोस. एकतर नंतर कागदपत्रांत अडकशील, आणि तुझ्या घराची लाज तू का बाळगायची. त्यापेक्षा जिथे आधी मशीनवर ट्रायल घेतात तिथे जा. बायोडाटा बघणारा माणूस नावावर थांबतो, पण जॉब हातात घेऊन मायक्रोमीटर लावणाऱ्याला फक्त माप दिसतं.

वरच्या महापेच्या दादांना मी फोन केला होता, तुझं पत्र वाचून दाखवलं, नाव आणि पत्त्यासकट, तुला विचारूनच. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले पाठवा, ड्रॉइंग देतो, दोन तासांत जॉब काढून दाखवू दे. त्याच दिवशी त्यांच्या भाचीच्या ओळखीतली आयटीआय झालेली एक मुलगीही ट्रायलला येणार आहे, जागा दोन आहेत. मंगळवारी साडेनऊ. शिळफाट्यावरून बस मिळते पण सकाळी तिथे ट्रॅफिक फार असतं, आठलाच निघ आणि तुझा स्वतःचा व्हर्नियर सोबत ने.