उतारावरचे पाय आणि तिसावा किलोमीटर

प्रश्न: हाफ मॅरेथॉन दोन तास पाच मिनिटांत होते. आठवड्यातून पाच दिवस धावतो, रोज जीव तोडून धावतो, तरी वर्षभर वेळ तिथेच अडकली आहे. ग्रुपमधले लोक म्हणतात, ईझी रन आणखी सावकाश कर. पण सावकाश धावून वेग कसा वाढणार?

रोज जीव तोडून धावता, तिथेच घोडं अडलंय. तुमचा हाफचा पेस किलोमीटरला साधारण 5 मिनिटं 55 सेकंद पडतो. तुमचे ईझी रन पावणेसात ते साडेसात मिनिटांच्या आसपास असायला हवेत. मला शंका आहे की ते सव्वासहाच्या आत होत असणार. हा मधला वेग फसवा असतो. घाम निघतो, दमल्याचं समाधान मिळतं, अ‍ॅपवर आकडाही बरा दिसतो. पण वेगाच्या सरावाला तो पुरत नाही आणि दुसऱ्या दिवशी पाय ताजे राहतील इतका हलकाही नसतो. त्यामुळे मंगळवारचे इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत धावायचे वेगाचे तुकडे) थकल्या पायांनी होतात आणि रविवारचा लाँग रन कसाबसा उरकला जातो.

संथ धावण्यात शरीराची बरीच बांधणी होते. स्नायूंभोवती केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, इंधन म्हणून चरबी वापरायची सवय लागते. ही कामं हळू वेगातही होतात, आणि हळू वेगात तुम्ही जास्त वेळ धावू शकता. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंकडून आठवड्याला शंभर मैल, म्हणजे 160 किलोमीटर, करून घेत. त्यात 800 मीटरचा पीटर स्नेलही होता. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने 800 मीटरचं सुवर्ण जिंकलं, मरी हॅलबर्गने 5000 मीटरचं, आणि मॅरेथॉनचं कांस्यही त्याच गटातल्या बॅरी मॅगीला मिळालं. तुम्ही आठवड्याला 160 करावेत असं मी मुळीच म्हणत नाही. मुद्दा एवढाच की दोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीचा पायाही लांब, निवांत धावण्यावर घातला गेला होता.

पाचांपैकी एक दिवस वेगाचा, एक लाँग रन, उरलेले तीन खरोखर हलके ठेवा. हलकं म्हणजे किती? सोबतच्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. घड्याळातल्या हार्ट रेट झोनवर डोळे मिटून विसंबू नका. बरीच घड्याळं 220 वजा वय या सूत्रावर झोन पाडतात आणि ते सूत्र एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. दोन महिने हे करून बघा. पहिले तीन आठवडे लोक मागून येऊन पुढे जातील, जाऊ द्या.

प्रश्न: तीन फुल मॅरेथॉन केल्या. तिन्ही वेळा तीस किलोमीटरपर्यंत मस्त, नंतर पाय बंद. सरावात लाँग रन 35 पर्यंत वाढवू का?

वाढवू नका. तुमचं दुखणं वेगळ्या ठिकाणी आहे.

हिशोब मांडून पाहू. धावताना किलोमीटरमागे, वजनाच्या प्रत्येक किलोला, ढोबळ मानाने एक किलोकॅलरी लागते. 70 किलोच्या माणसाला 42.195 किलोमीटरसाठी तीन हजाराच्या जवळपास. स्नायू आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, मात्र दोन हजारांच्या आसपास. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी जळते हळू. शिवाय तुम्ही जितके वेगात धावाल तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो. म्हणजे पहिल्या दहा किलोमीटरांत दर किलोमीटरला दहा सेकंद वाचवून तुम्ही जे कमावता, ते तिसाव्यानंतर व्याजासकट फेडता.

त्यामुळे आधी सुरुवातीचा वेग तपासा. केल्विन किप्टमने 2023 मध्ये शिकागोला 2:00:35 चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला अर्धा भाग 60:48 मध्ये आणि दुसरा 59:47 मध्ये धावला होता. आपल्यातले बहुतेक लोक दुसऱ्या अर्ध्यात दहा-पंधरा मिनिटं गमावतात. पहिले पाच किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा थोडे सावकाशच जाऊ द्या. त्या वेळी ते अगदीच सोपं वाटेल, तसंच वाटायला हवं.

दुसरं, खाणं. जेल (पाकिटातलं घट्ट साखरेचं द्रव) फक्त स्पर्धेच्या दिवशी आणि तेही दमल्यावर घेत असाल तर उशीर झालेला असतो. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, पहिलं जेल अर्ध्या-पाऊण तासात. नुसतं ग्लुकोज आतडी तासाला सुमारे 60 ग्रॅमच शोषू शकतात. फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने शोषलं जातं, म्हणून दोन्हींचं मिश्रण असेल तर सरावलेले धावपटू 90 पर्यंत जातात. पण पोटालाही सराव लागतो. लाँग रनमध्ये स्पर्धेचंच जेल, स्पर्धेच्याच अंतराने घ्या. घामेजल्या बोटांनी पाकीट फाडायचं, पेस न मोडता अर्धं-अर्धं गिळायचं, वर दोन घोट पाणी घ्यायचं, हे सगळं हाताला सवयीचं झालं पाहिजे. पाकिटाचा कोपरा दातात धरून ओढताना निम्मं जेल शर्टवर सांडलेले लोक मी दर स्पर्धेत पाहतो.

लाँग रन 30–32 किलोमीटर किंवा तीन तास, जे आधी होईल ते. चार-पाच तासांत मॅरेथॉन करणाऱ्याने सरावात 35 केले तर पुढचा आठवडा सावरण्यात जातो. त्यापेक्षा 28 च्या रनमधले शेवटचे आठ-दहा किलोमीटर मॅरेथॉन पेसने करा.

प्रश्न: रस्त्यावर मॅरेथॉन चार तासांत केली आहे. आता 50 किलोमीटरची ट्रेल, म्हणजे डोंगरवाटेवरची स्पर्धा, धरली आहे, एकूण चढ 2400 मीटर. मी राहते तो भाग सपाट. किती वेळ लागेल, आणि चढ नसताना तयारी कशी करू?

रस्त्यावरचा पेस आधी विसरा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक. म्हणजे 600 मीटर चढ हा पाच किलोमीटर सपाटीच्या बरोबरीचा. तुमचे 2400 मीटर म्हणजे वरचे 20 किलोमीटर. 50 ची स्पर्धा पायांना 70 ची पडणार. वाट बरी असेल तर आठ-नऊ तास धरा, दगडधोंडे असतील तर आणखी जास्त. कटऑफ, म्हणजे स्पर्धा पूर्ण करायची वेळमर्यादा, किती आहे ते आजच बघा आणि सरावही किलोमीटरऐवजी तासांत लिहायला लागा. ट्रेलवर "आज 20 केले" याला काही अर्थ नसतो. साडेतीन तास पायांवर होता, 800 मीटर चढलात, हे सांगितलं तर काहीतरी कळतं.

चढाची धास्ती बहुतेकांना असते. प्रत्यक्षात पाय निकामी करतो तो उतार. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो, आणि या प्रकारच्या कामात तंतूंची झीज सर्वात जास्त होते. म्हणून पहिल्यांदा मोठा उतार धावलेला माणूस दोन दिवसांनी जिना उतरताना कठडा धरतो. चांगली गोष्ट अशी की हे काम एकदा पुरेशा जोराने केलं की स्नायू पुढच्या वेळी बरेच सावध होतात, आणि तो परिणाम काही आठवडे टिकतो. दोन-तीन चांगले उतार आधीच पायांखालून जायला हवेत. शेवटचा मोठा उतार स्पर्धेच्या दहा ते चौदा दिवस आधी ठेवा, त्यानंतर नको.

सपाट भागात चढासाठी उंच इमारतीचे जिने किंवा ट्रेडमिलचा 12–15 टक्के चढ चालतो. तिथे धावू नका, झपझप चाला. उतारासाठी फ्लायओव्हरचा किंवा बहुमजली पार्किंगचा रॅम्प शोधा आणि उतरताना धावा, वर येताना चाला. घरी एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय चार सेकंद मोजत सावकाश खाली टेकवायचा, प्रत्येक पायाने दहा-बारा वेळा, आठवड्यातून दोनदा. दिसायला किरकोळ व्यायाम आहे. तिसऱ्या सेटला मांडी थरथरायला लागली की त्याची किंमत कळते. एवढं करूनही शेवटच्या आठ आठवड्यांत दोन-तीनदा खऱ्या डोंगरावर जाच, त्याला पर्याय नाही.

उतरताना नजर पायाशी ठेवू नका, तीन-चार मीटर पुढे ठेवा. पाऊल लहान आणि पटापट, गुडघा थोडा वाकलेला, हात बाजूला मोकळे. भीती वाटली की अंग मागे झुकतं, टाच पुढे रुतते आणि तिथेच माणूस घसरतो. बूट आतून टाचेला घट्ट हवेत, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

चढ चालायचा. यात कमीपणा काही नाही. आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या यूटीएमबी या ट्रेल स्पर्धेत साधारण 170 किलोमीटर आणि दहा हजार मीटरच्या आसपास चढ असतो. विजेत्या पुरुषांनाही वीस तासांच्या आसपास लागतात, आणि खडे चढ तेही चालतात. धाप लागल्यावर चालायला लागू नका, लागायच्या आधीच चाला. दोन्ही हात मांड्यांवर, छाती मोकळी, वर पोचलात की पुन्हा धावणं. पोल्स (आधाराच्या काठ्या) वापरणार असाल तर तेही लाँग रनमध्ये नेऊन बघा. घडी घालून पाठीवर अडकवायला जागा कुठे आहे, हे स्पर्धेत शोधत बसू नका.

शनिवार-रविवार लागोपाठ दोन लांब रन ही ट्रेलवाल्यांची जुनी युक्ती तुम्हाला उपयोगी पडेल. शनिवारी तीन तास, रविवारी दोन. महिन्यातून दोनदा पुरे.

प्रश्न: स्पर्धेत तहान लागायच्या आधीच पाणी प्यायचं, हे बरोबर ना? मी प्रत्येक स्टेशनवर दोन ग्लास घेते. गेल्या वेळी शेवटी मळमळलं, बोटं सुजली, अंगठी निघेना.

नाही, आणि तुमच्या सुजलेल्या बोटांकडे मी दुर्लक्ष करणार नाही. घामातून जातं त्यापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातला सोडियम पातळ होतो. मळमळ, डोकेदुखी, सूज, पुढे गोंधळल्यासारखं होणं आणि झटके, इथवर प्रकरण जाऊ शकतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के लोकांचा सोडियम कमी निघाला. धावताना वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेतलेले त्यात जास्त होते. म्हणजे धोका तुमच्या-माझ्यासारख्यांना, जे सावकाश धावतात आणि प्रत्येक टेबलापाशी थांबतात.

तहान लागेल तसं प्या. लाँग रनच्या आधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. परतल्यावर वजन किलो-दीड किलोने कमी भरलं तर बिघडलं नाही. वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून कितीही पाणी चालतं, असंही नाही. आणि स्पर्धेत दुखणं दाबायला आयबुप्रोफेन घेऊ नका. मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात हे औषध भर घालतं आणि पाणी साचायलाही हातभार लावतं.

पुन्हा असं झालं तर वैद्यकीय तंबूत जाऊन "मी भरपूर पाणी प्यायले आहे" हे आधी सांगा. नाहीतर डिहायड्रेशन समजून आणखी पाजतील.

प्रश्न: नडगीत आतल्या बाजूला दुखतं. धावायला लागलं की दोन किलोमीटरनंतर कमी होतं. स्पर्धा सहा आठवड्यांवर आहे, धावत राहू का?

बोटाने दाबून पाहा. दुखणं हाडाच्या कडेने पाच-सहा इंच पसरलेलं असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे अतिताणाने नडगीच्या कडेला येणारं दुखणं. किलोमीटर निम्म्यावर आणा, वेगाचा सराव बंद, पोटरीचे व्यायाम सुरू, दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत ठणकत असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर हाडाला ताणाची भेग पडलेली असू शकते. तेव्हा धावणं आजच थांबवा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयत कळतं. जांघेत खोल दुखणाऱ्यांना तर मी एक दिवसही थांबू देत नाही. मांडीच्या हाडाच्या मानेतली भेग सरकली तर शस्त्रक्रियेवर जातं.

मासिक पाळी अनियमित झाली असेल किंवा अलीकडे खाणं कमी करून वजन उतरवलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. पोटाला पुरेसं न देता किलोमीटर वाढवले की हाडं आधी तक्रार करतात.

प्रश्न: वय 57. आता सुरू केलं तर गुडघे झिजतील, असं घरचे म्हणतात.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात गुडघा-खुब्याचा संधिवात हौशी धावपटूंमध्ये 3.5 टक्के, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आणि व्यावसायिक स्पर्धकांमध्ये 13.3 टक्के आढळला होता. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं सोडून देतात, त्यामुळे हा आकडा थोडा गुलाबी असणार हे मान्य. पण घरच्यांच्या भीतीला आधार नाही. हृदयाची तपासणी करून घ्या, पहिले तीन महिने पळणं-चालणं आलटून-पालटून ठेवा, फुलचा विचार पुढच्या वर्षी.

प्रश्न: स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आणि ताप येऊन दोन आठवडे वाया गेले. 32 चा लाँग रन राहिला. आता भरून कसा काढू?

भरून काढायचा नाही. दोन आठवड्यांत गमावलेलं थोडंच असतं. सुरुवातीला रक्तातला द्रव भाग घटतो, म्हणून पहिले चार-पाच रन जड जातात आणि नाडी वर राहते. तो लवकर परत येतो. ताप, अंगदुखी, छातीतली कफाची खरखर पूर्ण जाऊन दोन-तीन दिवस होईपर्यंत मात्र बूट घालू नका. तापात धावल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका खरा आहे. छातीत दुखलं किंवा धडधड वाटली तर आधी डॉक्टर.

पहिला आठवडा सगळे रन हलके, शेवटी 20–22 चा एक लाँग रन, तोही बरं वाटलं तर. त्यानंतर टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करणं: एकूण किलोमीटर नेहमीच्या 40 ते 60 टक्के कमी, पण आठवड्यातून एकदा थोडा वेग ठेवायचा, मॅरेथॉन पेसचे पाच-सहा किलोमीटर. टेपरमध्ये पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात, हे सगळ्यांना होतं. आदल्या रविवारी 12–13 किलोमीटर, मग दोन-तीन छोटे रन. लक्ष्य वेळेत दहा मिनिटं वाढवा आणि तोच पेस पहिल्या किलोमीटरपासून धरा. 20–22 चा रन झाल्यावर दुसऱ्या दिवशीही पलंगावरून उठवत नसेल तर या वेळी हाफला बदलून घ्या, बऱ्याच आयोजकांकडे ती सोय असते.