गेलचे सगळे स्पेल करडे पडलेत? थांब, री-इन्स्टॉल करू नकोस

भावा, बाल्डर्स गेट ३ मधल्या जादूगार (विझार्ड) गेलबद्दलचं, 'गेलला स्केल मेल घातलं आणि सगळे स्पेल करडे पडले, गेम करप्ट झालाय का, री-इन्स्टॉल करू का?' हे तुझं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. काहीही डिलीट करू नकोस. गेम ठणठणीत आहे. स्केल मेल, म्हणजे ते खवल्यांचं चिलखत, उतरव; स्पेल (मंत्र) जागच्या जागी परत येतील.

गेल माणूस आहे म्हणून त्याला लाइट आर्मर आणि ढाल चालते. स्केल मेल मीडियममध्ये मोडतं. ज्या आर्मरची प्रोफिशियन्सी (ते वापरायचं शिक्षण) नाही ते अंगावर असेपर्यंत बाल्डर्स गेट ३ मध्ये एकही स्पेल टाकता येत नाही, कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल) सुद्धा नाही. गेलसारखीच सोबतीण असलेली शॅडोहार्ट चेन शर्ट हे मीडियम आर्मर घालून बिनधास्त स्पेल टाकते, कारण क्लेरिकला मीडियम आर्मरची सवय असते. लोखंडाशी जादूचं काही वाकडं नाही. 'जड आर्मरमध्ये अमुक टक्के स्पेल फसतात' असंही कोणी सांगेल. ते २००२ च्या नेव्हरविंटर नाइट्समधलं गणित. इथे टक्केवारी नाही, एकतर जमतं नाहीतर जमत नाही.

एवढ्या पोटतिडकीने लिहितोय कारण मी ते री-इन्स्टॉल केलं होतं.

माझा विझार्ड रोबच घालायचा, छातीवर आर्मर कधीच नव्हतं. ग्रिमफोर्ज या भागात ग्रिम या बॉसला त्या मोठ्या हातोड्याखाली चिरडला आणि त्याच्याकडून ग्रिमस्कल हेल्म (हेल्मेट) मिळालं. क्रिटिकल हिट लागत नाही, आगीपासून बचाव, लगेच विझार्डच्या डोक्यावर चढवलं. पुढे नीअर या शत्रूच्या लढाईत फायरबॉल टाकायला गेलो तर आयकॉन करडा. मॅजिक मिसाइल करडा. फायर बोल्टही करडा. स्पेल स्लॉट (स्पेल टाकायला खर्च होणारा साठा) भरलेले, स्पेल रोखणारा सायलेन्स नाही, काही नाही. आर्मर म्हणजे छातीवरचं, असं डोक्यात पक्कं बसलं होतं, त्यामुळे हेल्मेटकडे लक्षच गेलं नाही. त्याच्या माहितीच्या चौकटीत हेवी आर्मर असं लिहिलेलं असतं. मी वरची जादूची वैशिष्ट्यं वाचली आणि चौकट बंद केली.

मग एका हेल्पडेस्कला लिहिलं. नाव घेत नाही. पहिलं उत्तर, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. केला. दुसरं, गेम काढून पुन्हा टाका. दीडशे जीबीचा गेम, आमच्याकडे पावसाळ्यात नेट दर तासाला जातं, दोन रात्री उशाशी लॅपटॉप ठेवून डाउनलोड सांभाळला. तरी स्पेल करडेच. तिसरं उत्तर, सेव्ह करप्ट दिसतेय, जुन्या सेव्ह काढून नवीन गेम सुरू करा. आणि मी काढल्या. बासष्ट तास गेले.

मी त्यांना चार स्क्रीनशॉट पाठवले होते. चारही इन्व्हेंटरीचे, चारहीमध्ये ते हेल्मेट दिसत होतं. एकाने जरी उघडून पाहिला असता तर 'हेल्मेट काढा' हे दोन शब्द पुरले असते. आजही त्याचा राग येतो. नव्या खेळात पुन्हा ग्रिम मारला, पुन्हा तेच हेल्म घातलं, पुन्हा सगळं करडं. तेव्हा एकेक वस्तू उतरवत गेलो आणि कळलं.

आता तुझ्या गेलबद्दल. हे माझं मत, मॉड (खेळाडूंनी केलेले गेममधले बदल) न वापरता खेळून झालेलं. मॉड असतील तर वेगळं होऊ शकतं. चौथ्या लेव्हलला मॉडरेटली आर्मर्ड ही फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) घेऊन स्केल मेल घालता येईल, पण मी फीट त्यावर घालवणार नाही. हिशोब बघ: डेक्स्टेरिटी १४ धरली तर मेज आर्मर या संरक्षक स्पेलने एसी (फटका चुकवायचा आकडा) १५, ढाल धरून १७. स्केल मेलने १६, ढालीसकट १८. एका एसीसाठी अख्खी फीट, वर लपताना डिसअॅडव्हांटेज. त्या फीटसोबत डेक्स्टेरिटी एकने वाढवताही येते हे मान्य, पण त्याऐवजी इंटेलिजन्स वाढव नाहीतर वॉर कास्टर घे. मार लागल्यावर कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेल टिकवून धरणारी एकाग्रता) तुटू शकतं, विझार्ड खरा तिथे मार खातो. मेज आर्मर लाँग रेस्टपर्यंत (कॅम्पमधल्या मुक्कामापर्यंत) टिकतो, पण मध्ये गंमत म्हणून दुसरं आर्मर घालून पाहिलंस तर तो जातो आणि स्लॉट खर्चून परत टाकावा लागतो.

अगदीच लोखंडात मढवलेला विझार्ड हवा असेल तर कॅम्पमध्ये क्लास बदलून देणाऱ्या विदर्सला १०० सोन्याची नाणी देऊन गेलला पहिली लेव्हल फायटरची दे, मग विझार्ड. क्रम उलटा झाला तर हेवी आर्मर मिळत नाही, फक्त मीडियमपर्यंत. फायटरपासून सुरुवात केली की कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हिंग थ्रोची (परिणाम टाळायला टाकायच्या फाशाची) ही प्रोफिशियन्सी मिळते, कॉन्सन्ट्रेशनला तीच लागते. बदल्यात विझार्डचे स्पेल एक लेव्हल उशिरा येतात, फायरबॉलसुद्धा. मला ते परवडत नाही, तुला चालत असेल तर जरूर कर.

आज फक्त एवढं कर: आधी स्केल मेल उतरव. तरी करडंच राहिलं तर हेल्मेट, हातमोजे, बूट एकेक काढत जा, त्यांनाही प्रोफिशियन्सी लागू शकते. कशावर अडलं होतं ते इथे लिही.